खासगी आणि दौलत

इंदुरात वाढलेल्या मराठी माणसाला ‘खासगी’ हा शब्द दोन अर्थांनी परिचित असतो. चारचौघांत बोलायचे नाही ते खासगी, हा अर्थ साऱ्या मराठी मुलखाचा. दुसरा अर्थ आमच्या गावचा. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशा दोन निरनिराळ्या तिजोऱ्या होत्या. दौलत सुभेदारांची आणि खासगी त्यांच्या पत्नीची. लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘हे देऊळ खासगीचे’, ‘तो घाट खासगीचा’ असे ऐकले की मला वाटे, तेथे परक्यांना मज्जाव असेल. पाहावे तर देवळात सगळेच जात होते. हा घोळ बरीच वर्षे मनात राहिला. पुढे इतिहास वाचताना शब्दाचा अर्थ कळला, परंतु त्यामागचा विचार कळायला आमच्याच घरातील एक जुनी वही हाती यावी लागली. त्या वहीकडे मी ओघाने येईन.

खासगीचा आरंभ १७३४ सालचा. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी त्या वर्षी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महाल वंशपरंपरेने लावून दिले. महेश्वरचा त्यांत समावेश होता. मल्हाररावांना माळव्यातील परगणे सरंजाम म्हणून त्यापूर्वीच मिळालेले होते. मग पत्नीच्या नावे हे वेगळे प्रकरण कशासाठी?

याचे उत्तर सरंजामाच्या स्वरूपात आहे. सरंजाम दिसायला मोठा, पण तो फौजेच्या पोटासाठी असे. इतके घोडे, इतकी माणसे बाळगावयाची, बोलावणे येताच हजर व्हावयाचे, आणि त्याबद्दल अमुक परगण्यांचा वसूल घ्यावयाचा. धन्याची मर्जी फिरली किंवा चाकरीत कसूर झाली तर सरंजाम काढून घेता येई. त्यातच मोहिमा कर्जावर चालत. खुद्द बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना कर्जाच्या तगाद्यांविषयी लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. जेथे पेशवा सावकारांनी त्रासलेला, तेथे सरदारांची कथा काय? मल्हारराव हे होळचे, धनगराच्या घरातले; खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढलेले. मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. घोड्याच्या पाठीवर मिळवलेले घोड्याच्या पाठीवरूनच निसटू शकते, हे अशा माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. सरंजाम फौजेच्या पोटाला आणि खासगी घराच्या पोटाला, अशी ही वाटणी होती. आणि घराच्या पोटाचे जे, ते घरात राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती असावे, हा त्यातला शहाणपणा. आपल्या इतिहासकारांनी मल्हाररावांच्या तलवारीवर पुष्कळ लिहिले. त्यांच्या या एका घरगुती निर्णयावर त्या मानाने थोडे लिहिले गेले आहे, असे मला वाटते.

या निर्णयाची कसोटी तेहेतीस वर्षांनी लागली. पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. गौतमाबाई १७६१ मध्ये निवर्तल्या आणि खासगी सून अहिल्याबाईंकडे आली. मे १७६६ मध्ये आलमपुरास मल्हाररावांचे देहावसान झाले. गादीवर आलेला नातू मालेराव वर्षभरातच गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही. अशा वेळी होळकरांचेच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी तोडगा सुचवला : बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार दिवाणांनी पाहावा. राघोबादादा त्यांच्या पाठीशी होते. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. स्त्रियांची फौज उभी करून त्यांनी दादांना निरोप पाठवल्याची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. ती कितपत खरी, या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की नकार देणारी ही बाई दुसऱ्या दिवशी कोणाच्या अन्नाला मिंधी होणार नव्हती. तिच्यापाशी स्वतःचे महाल होते, स्वतःचे कारकून होते, आणि हिशेब तिला स्वतःला वाचता येत होता. थोरल्या माधवरावांनी बाईंचा पक्ष उचलून धरला, तुकोजी होळकरांना सुभेदारीची वस्त्रे मिळाली आणि पुढची अठ्ठावीस वर्षे कारभार महेश्वरातून चालला. माधवरावांचा न्यायीपणा खराच. परंतु न्याय मागायला जाईपर्यंत तग धरण्याची सोय १७३४ साली होऊन राहिली होती.

काशीपासून रामेश्वरापर्यंत बाईंनी बांधलेली देवळे, घाट, विहिरी आणि अन्नछत्रे यांची यादी आपल्या वाचकांस मुखोद्गत आहे, ती येथे देत नाही. हा खर्च खासगीकडचा, फौजेचा खर्च दौलतीकडचा. दानधर्मासाठी शिपायाचा पगार थकवायचा नाही आणि शिपायाच्या पगारासाठी अन्नछत्र बंद करायचे नाही, ही शिस्त दोन खाती वेगळी असल्यामुळेच पाळता आली. ती शिस्त भांडणाशिवाय चालली असे मात्र नाही. तुकोजी दूर दख्खनच्या मोहिमांवर, त्यांच्या फौजेचा पगार तुंबलेला. ते महेश्वरास पैसा मागत, आणि बाई आधी हिशेब मागत. या वादात आपण सहसा बाईंच्या बाजूने उभे राहतो. तुकोजींच्या बाजूनेही एक शब्द बोलायला हवा. छावणीत पगारासाठी धरणे धरून बसलेल्या शिपायांसमोर उभे राहणे आणि महेश्वरच्या वाड्यात तेरीज तपासणे, ही दोन्ही कामे खरी होती. एकाला दुसऱ्याची अडचण दिसत नव्हती. मिळवणारा बाहेर आणि सांभाळणारी आत, असे जेथे जेथे असते तेथे तेथे हा वाद असतो. होळकरांचा वाद कागदोपत्री शिल्लक राहिला, एवढाच फरक.

खासगीची पुढची कथा लांबलचक आहे. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारजमा झाले आणि त्याच्या बदल्यात धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये देण्याची हमी मिळाली. १९६२ मध्ये न्यास झाला. त्याच्या मिळकतींवरून तंटे झाले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या न्यासास सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करण्यास सांगितले. जी तिजोरी घरासाठी म्हणून वेगळी काढली होती ती शेवटी सर्वांची ठरली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण शेजारच्या ग्वाल्हेरचे. तेथील आमचे स्नेही ही हकीगत रंगवून सांगतात, मी थोडक्यात सांगतो. जयाजीराव शिंदे यांनी आपला ठेवा किल्ल्यातील गुप्त तळघरांत ठेवला होता; त्याला ‘गंगाजळी’ म्हणत. तळघरे कोठे आणि कशी उघडावयाची याचे बिजक फक्त महाराजांना ठाऊक. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि जवळजवळ अठ्ठावीस वर्षे घराण्याचा ठेवा परक्या पलटणीच्या पायाखाली पडून राहिला. १८८६ साली किल्ला परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. युवराज माधवराव दहा वर्षांचे. बिजक त्यांना सांगितलेच गेले नाही. पुढे माधवरावांना ठेवा सापडला, तोही शोधाशोध करून आणि बराचसा दैवाने, असे सांगतात. त्यांनी तो पुन्हा तळघरात न पुरता उद्योगधंद्यांत गुंतवला. संपत्ती अफाट होती. पण ती कोठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो माणूस गेला.

आता आमच्या घराकडे येतो.

माझे आजोबा होळकर दरबारच्या एका खात्यात कारकून होते. रामबागेत स्वतःचे घर, दारी विहीर, दरमहाचा बांधलेला पगार. त्या काळच्या मानाने सुस्थितीतले. त्यांची रोजकीर्द मोडीत लिहिलेली आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोजची शिल्लक, महिन्याची तेरीज; एक आकडा खोडलेला नाही. आजीला मोडी येत नव्हती. आजोबांनी तिला बालबोध लिहायला शिकवले होते, म्हणून वहीच्या मागच्या बाजूने, उलट्या अंगाने, तिचे वेगळे टिपण सुरू होते : दूध, गवऱ्या, धोबी, कल्हई, वाण्याची उधारी. एकच वही. पुढून त्यांची, मागून तिची. दोन्ही हिशेब मधल्या कोऱ्या पानांवर कधी भेटत नाहीत.

आजोबा १९३८ साली अल्पशा आजाराने गेले. तेरावे झाले आणि पंधराव्या दिवशी एक सावकार ओसरीवर येऊन बसला. माणूस सभ्य होता. “वहिनीसाहेब, घाई नाही, पण कागद एकदा वाचून घ्या,” एवढेच म्हणाला. घर बाराशे रुपयांना गहाण होते, दरमहा शेकडा बारा आण्यांनी. त्यातले काही आत्याच्या लग्नाला लागले होते, काही धाकट्या आजोबांच्या पुण्यातील शिक्षणाला. आजीला यातले काहीच ठाऊक नव्हते. व्याजाचे नऊ रुपये दरमहा पुढच्या पानांवर बिनचूक खर्ची पडत होते आणि मागच्या पानांवर आजी दोन पैशांच्या कोथिंबिरीचा हिशेब ठेवत होती.

आजोबांनी तिला फसवले असे मी म्हणणार नाही, आणि तीही कधी म्हणाली नाही. घरच्या बाईच्या जिवाला काळजी कशाला, ही त्या पिढीची समजूत होती. तिच्यात माया होती. पण त्या मायेची किंमत माझ्या वडिलांनी दिली. ते इंटरच्या वर्गात होते. कॉलेज सोडून त्यांना नोकरी शोधावी लागली.

मला नंतर वाटत आले ते असे, की कारकुनाचा पगार हा त्याचा सरंजाम असतो. चाकरी आहे तोवर तो आहे. दरबारी नोकरीत आलेली आपली बहुतेक घराणी, इंदूरची काय आणि बडोद्याची काय, या सरंजामावर जगली. मल्हाररावांनी ओळखले ते या घरांनी ओळखले नाही. खासगी म्हणून त्यांच्यापाशी होते ते बायकांच्या अंगावरचे सोने. शास्त्राने त्याला स्त्रीधन म्हटले आणि ते तिचे स्वतःचे मानले. पण याज्ञवल्क्यानेच त्याला चार दारे ठेवली. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि सावकाराने अडकवून ठेवणे, या प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. यातले धर्मकार्याचे दार चांगलेच रुंद होते. मुलीच्या लग्नाहून मोठे धर्मकार्य कोणते? आजीच्या पाटल्या आत्याच्या लग्नात त्याच दाराने गेल्या. त्या गेल्याचे तिला अर्थातच ठाऊक होते. पाटल्या देऊनही कर्ज काढावे लागले, हे नव्हते.

दुसरा प्रश्न धाकट्या आजोबांचा. एकत्र कुटुंबाच्या पैशाने एक भाऊ शिकला; त्याचा पगार कोणाचा? आज हा प्रश्न विचित्र वाटेल, पण शंभर वर्षांपूर्वी त्यावर खटले लढले जात. मिताक्षरेच्या नियमाप्रमाणे घराच्या खर्चाने मिळवलेल्या विद्येची कमाई घराची. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका सनदी अधिकाऱ्याच्या बाबतीत हेच धरले : विलायतेचे शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले, तेव्हा कमाईही एकत्र कुटुंबाची. नव्या नोकरदारांना हे जाचक वाटले यात नवल नाही. मद्रासेत भाष्यम् अय्यंगार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक प्रयत्न केला होता, तो तडीस गेला नाही. अखेर मुकुंद रामराव जयकर यांच्या प्रयत्नाने १९३० मध्ये कायदा झाला आणि विद्येची कमाई, शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, मिळवणाऱ्याची ठरली. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांच्या विधेयकातून हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा आला. इंग्रजी मुलखातले हे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत, हे इतिहास लिहिताना पुष्कळदा विसरले जाते. मुंबईच्या विधवेला जे १९३७ साली मिळाले ते मुंबईच्या कायद्याने इंदूरच्या विधवेला मिळत नव्हते.

जयकरांच्या कायद्याने व्यक्तीला मोकळे केले, हे चांगलेच झाले. एकाने राबावे आणि चौघा आळशांनी हिस्सा मागावा, ही जुनी तक्रार खोटी नव्हती. पण आमच्या वहीत याची दुसरी बाजू दिसते. धाकटे आजोबा तेव्हा मुंबई इलाख्यात रेल्वेत नोकरीला होते. ज्या कर्जाने ते शिकले ते कर्ज फेडण्याचे त्यांच्यावर कायद्याने कोणतेच बंधन नव्हते. वहीत १९३८ च्या श्रावणापासून दोन वर्षे दरमहा पंधरा रुपये ‘मुंबईहून, मनिऑर्डरने’ असे जमा आहेत. मग बंद. त्यांच्याही घरी तोवर मुले झाली होती. नियमाने जे येत होते ते मर्जीने येऊ लागले, आणि मर्जीने येणारे केव्हा थांबेल हे विचारता येत नाही.

आजी काय करू शकली असती, असा विचार करताना मला नेहमी बडोदे आठवते. बडोद्याचे वाचक येथे हसतील, कारण त्यांना ही कथा पाठ आहे. १८८९ च्या फेब्रुवारीत तेथे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ सुरू केली. भांडवल ७६ रुपये. सभासद बहुतेक मराठी कुटुंबांतले. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला १९०४ साली. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी, परमुलखात नोकरीसाठी आलेल्या लोकांनी आपली अडचण आपणच भागवण्याचा मार्ग काढला होता. बँक ऑफ बडोदाची स्थापना १९०८ ची, तीही नंतरची. जर्मनीत रायफायझन यांनी शेतकऱ्यांसाठी अशा मंडळ्या काढल्या होत्या. बडोद्याचे वैशिष्ट्य हे की येथे हा विचार शहरातल्या संसारी माणसांत रुजला. लग्न, मुंज, आजारपण या तीन खर्चांनी माणूस सावकाराच्या दारी जाई. मंडळीत त्याच्याच शेजाऱ्यांचा पैसा त्याला मिळू लागला, आणि त्याचा शेजाऱ्यांना.

यात एक गोष्ट आपोआप साधली, जिचा उल्लेख सहकाराच्या इतिहासात येत नाही. सावकाराकडचे कर्ज लपवता येते. मंडळीचे कर्ज लपवणे कठीण, कारण ते मंजूर करणारी माणसे त्याच आळीत राहतात. आमच्या आजोबांनी अशा मंडळीतून कर्ज काढले असते तर त्याची वार्ता हळदीकुंकवाला आजीच्या कानावर आली असती. भाऊसाहेबांच्या मनात हा हेतू असेल असे मी म्हणत नाही.

या संस्थेचा शेवट सुखाचा झाला नाही. तिची पुढे सहकारी बँक झाली आणि २००७ साली रिझर्व्ह बँकेच्या आदेशानंतर तिचे व्यवहार थांबले. त्या वेळी ठेवीवर विम्याचे संरक्षण होते ते दरडोई एक लाख रुपयांपर्यंत, आणि ही मर्यादा १९९३ पासून तीच होती. ती पाच लाख झाली २०२० मध्ये. ज्यांनी तीन पिढ्यांच्या विश्वासाने सगळे एकाच ठिकाणी ठेवले त्यांना हा आकडा त्याआधी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ७६ रुपयांच्या काळी प्रत्येक सभासद दुसऱ्याला ओळखत होता. संस्था वाढली की ओळख पातळ होते, आणि ओळखीच्या जागी जो हिशेब यायला हवा तो वाचण्याची सवय आपल्याला लागलेली नसते.

गोव्याच्या वाचकांना हे सर्व वाचून आश्चर्य वाटत असेल, कारण त्यांच्याकडे व्यवस्थाच निराळी. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि १९६१ नंतरही कायम राहिली. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत एक होते आणि तीत दोघांचा निम्मा निम्मा वाटा असतो. घर किंवा जमीन विकायची तर नवऱ्याला बायकोची संमती घ्यावी लागते. मुलगा आणि मुलगी यांचा वारसा सारखा. आणि निम्म्याहून अधिक मिळकत मृत्युपत्राने वारसांबाहेर देता येत नाही. गौतमाबाईंना जे पेशव्यांच्या सनदेने मिळाले, ते गोव्यात पेडण्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या सामान्य घरातल्या सुनेला संहितेने मिळत होते. आमच्या घराचे गहाणखत फोंड्यात झाले असते तर त्या कागदावर आजीच्या सहीची जागा असती.

सहीची जागा असणे आणि सही करणाऱ्या बाईला कागद वाचू देणे या दोन गोष्टी आहेत, हेही गोवेकर स्नेह्यांनीच मला सांगितले. मिळकतीचा कारभार संहितेनेही नवऱ्याकडेच ठेवला होता. आणि मुलींनी भावांसाठी हक्क सोडल्याचे लेख नोटरीच्या दप्तरात किती असतील ते नोटरीलाच ठाऊक. बाकीच्या हिंदुस्थानात मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा मिळाला तो महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतच्या शंका मिटवल्या. तेव्हापासून हक्कसोडीचे कागद इकडेही मुबलक होऊ लागले आहेत. रक्षाबंधनाच्या आसपास सही मागितली की बहिणीला नाही म्हणवत नाही, असे आमच्या ओळखीच्या एका वकिलांचे निरीक्षण आहे.

आजीने काय केले ते सांगून लेख आवरतो. सावकार गेल्यावर तिने वही घेतली आणि शेजारच्या एका निवृत्त कारकुनांकडे जाऊन बसली. तीन महिन्यांत ती मोडी वाचायला शिकली, लिहायला नाही. आजोबांची वीस वर्षांची कीर्द तिने पहिल्या पानापासून वाचली. वडील सांगत, की त्या दिवसांत ती कोणाशी फारसे बोलत नसे. मग तिने पुढच्या दोन खोल्या होळकर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दरमहा बारा रुपयांनी दिल्या आणि आपण माजघरात आली. वडिलांना १९४० साली नोकरी लागली. पहिला पगार त्यांनी देवापुढे ठेवला. आजीने तो उचलला, मोजला, आणि कोणत्या खर्चाला किती ते वडिलांना शेजारी बसवून लिहिले. आईचे लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आजीने तिला दागिने दाखवण्याआधी गहाणखत दाखवले, असे आई हसत हसत सांगे. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नसे. १९४६ च्या माघात कर्ज फिटले. त्या दिवशीच्या पानावर रक्कम आहे, सावकाराची पोच आहे, आणि खाली ‘पेढे, सव्वा रुपया’.

त्यानंतर वही उलटी लिहिणे थांबले. पुढून एकच हिशेब, बालबोध अक्षरात. शेवटची दहा-बारा पाने मात्र तिने रेघ मारून वेगळी ठेवली आहेत आणि वर मथळा घातला आहे : ‘खासगी’. टपालाच्या बचत खात्यात तिच्या नावे ठेवलेल्या लहानलहान रकमा तेथे आहेत. कधी दोन रुपये, कधी पाच. तिने कोणाकोणाला उसने दिले तेही आहे, परत आल्याच्या तारखेसह. हा हिशेब ती १९७१ साली जाईपर्यंत चालू होता. सगळ्या नोंदी मी ताडून पाहिल्या. एकच बाकी निघते. १९५२ च्या ज्येष्ठात ‘चि. बाळूस, सायकलीस कमी पडले, ४० रुपये’ असे नावे पडले आहे. बाळू म्हणजे माझे वडील. समोर जमेची जागा कोरी आहे.